शेरावर छटाक, वर चिमूट

'आण्याचे सहा, दोनचे बारा, तीनचे एकोणीस, चारचे पंचवीस.' आमचे नाना हे पाढ्यासारखं म्हणायचे. दुकान बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी पडवीत बसल्या बसल्या कधीतरी त्यांच्या तोंडून ते निघायचं. आम्हा नातवंडांना त्यातलं तिसरं पद खटकायचं. बारात सहा मिळवले की अठरा होतात, मग एकोणीस कुठून आले? नाना त्याचीच वाट बघत असायचे. कुणी विचारलं की मांडी बदलायची आणि १९५७ साल सुरू.

सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात, घेवड्याच्या मुलखात त्यांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. १ एप्रिल १९५७ ला सरकारनं रुपया दशमान केला. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयात चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. आता रुपयाचे थेट शंभर, आणि त्या शंभराव्या भागाचं नाव नया पैसा. जुनी नाणी लगेच बाद झाली नव्हती. काही वर्षं दोन्ही चालायची. गल्ल्यात बैलाची आणि घोड्याची जुनी नाणी, भोकाचा पैसा आणि नवी चकचकीत नाणी एकाच खणात. गिऱ्हाईक जुन्यात द्यायचं आणि सुट्टे नव्यात मागायचं.

शंभराला सोळानं भागलं की सव्वासहा येतात, आणि सगळी गंमत त्या पावात होती. नियम असा की अर्धा किंवा त्याहून कमी अपूर्णांक सोडायचा, अर्ध्याच्या वर गेला तर पुढचा धरायचा. म्हणून एका आण्याचे सहा. दोन आण्यांचे साडेबारा होतात, तर बाराच. तीनचे पावणेएकोणीस, तर एकोणीस. चारचे बरोब्बर पंचवीस. हे सरकारी कोष्टक दुकानादुकानांत भिंतीवर चिकटवलं होतं. नाना म्हणायचे, 'कोष्टक लावलं त्या दिवशी कुणी वाचलं नाही. तिसऱ्या दिवशी स्टँडसमोरच्या हाटेलात भांडण झालं, चौथ्या दिवशी गावात प्रत्येकाला पाठ.'

भांडण चहाचं होतं. तिघं मित्र चहा प्यायले, आण्याला एक कप. हाटेलवाल्यानं तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे मागितले. त्यातला एक कारखान्यात काम करून आलेला, हुशार. तो म्हणाला, आम्ही वेगवेगळे आलोय, ज्याचे त्यानं द्यायचे, सहा-सहा-सहा, अठरा झाले. हाटेलवाला म्हणाला, बसलात एका बाकावर, बिल एक. एका नव्या पैशासाठी अर्धा तास बाजारपेठ गोळा झाली. त्या अर्ध्या तासात तिथं उभ्या असलेल्या माणसांना जे समजलं ते भिंतीवर चिकटवलेल्या कोष्टकानं समजलं नव्हतं. पोरांनी तर पुढचा हिशेबही काढला, की रुपयाची वस्तू एकेक आणा करून सोळा वेळा घेतली तर शहाण्णवच पैसे पडतात.

हे ऐकताना आम्ही हसायचो. मग नाना जरा थांबून दुसरी बाजू सांगायचे, आणि ती हसण्यासारखी नसायची. आणा-आणा करून घेणाऱ्याचा फायदा होत होता, पण गावात आण्याचं गिऱ्हाईक थोडं, पैशाचं फार. रोजानं जाणाऱ्या बाया संध्याकाळी यायच्या. पैशाची हळद, पैशाचं मीठ, पैशाची मोहरी, पैशाची विडीकाडी. एका जुन्या पैशाचे नवे दीडाहून थोडे जास्त होतात, म्हणून कोष्टकात दोन. चार वस्तूंचे चार वेळा दोन धरले तर आठ. तेच चार पैसे आधी मिळवले तर आणा झाला, आण्याचे सहा. म्हणजे ज्या बाईचा दिवसाचा खर्चच आणा-दोन आणे, तिच्याकडून सहाच्या जागी आठ जात होते. नानांनी रीत घातली होती, आधी सगळी बेरीज जुन्यात आणि शेवटी एकदाच नव्यात. सगळे दुकानदार असं करत नव्हते. आणि एका म्हातारीनं दुकानाच्या पायरीवर बसून नानांना सुनावलं होतं, 'तुमचा नया पैसा बारीक हाय, पर खातुया लई.'

नवी गोष्ट लोकांना पटवून देणाऱ्यांना मला ही म्हातारी ऐकवावीशी वाटते. लोक अडाणी असतात म्हणून नव्याला बिचकतात, असं एक शहरी गृहीतक आहे. बाईला दशमान पद्धत कळली नव्हती असं नाही, ती आपल्याला कुठं चावते ते तिला कोष्टक करणाऱ्यापेक्षा नेमकं कळलं होतं.

खुद्द नाण्यांवर मात्र बराच विचार झाला होता. एका नया पैशाचं नाणं तांबूस, गोल, आणि त्यावर हिंदीत लिहिलेलं, रुपये का सौवाँ भाग. दोनवर पन्नासावा, पाचवर विसावा, दहावर दहावा. नाणंच आपला धडा अंगावर घेऊन फिरत होतं. पण तो वाचता येणाऱ्यांसाठी. न वाचणाऱ्यांसाठी आकार होते. पाचचं चौकोनी, दोनचं आणि दहाचं नागमोडी कडेचं. इथं आजीची तक्रार होती, आणि ती रास्त होती. जुना आणाही नागमोडीच होता आणि जुनी दोन आण्यांची चवली चौकोनी. अंधारात कनवटीला हात घातला तर दहा नवे पैसे कुठले आणि आणा कुठला? एकाचे दहा, दुसऱ्याचे सहा. मग बायकांनीच तोड काढली, की बैल असला तर जुनं, नुसता मोठा आकडा असला तर नवं. जुन्या आण्यावर आणि चवलीवर बैल होता, नव्यावर तो नव्हता. ही खूण कुठल्या पत्रकात छापली होती म्हणाल तर नाही. पाणवठ्यावर निघाली आणि बाजारात आली.

गुरुजींचं काम वेगळंच. हे नानांचे चुलतभाऊ, प्राथमिक शाळेत. त्यांनी उभी हयात पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेतली होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, ज्याला ती येत नाही तो वाण्याच्या दुकानात नोकरीलाही चालायचा नाही. एका सरकारी आदेशानं त्या सगळ्या पाठांतराचा आधारच काढून घेतला. दुसरा कुणी असता तर कुरकुरत निवृत्तीची वाट बघत बसला असता. गुरुजींनी चावडीवर शर्यत लावली.

हिशेब असा: एक शेर जिन्नस तेरा आणे नऊ पैला, तर सात शेरांचे किती? जुन्या रीतीनं गुरुजी स्वतः करणार, नव्या रीतीनं चौथीतली एक मुलगी. गुरुजींनी तोंडी सुरू केलं. सात तेरं एक्याण्णव आणे, सात नवं त्रेसष्ट पै, त्रेसष्टाला बारानं भागून पाच आणे तीन पै, एकूण शहाण्णव आणे तीन पै, सोळानं भागून सहा रुपये आणि वर तीन पै. मुलीला फळ्यावर शहाऐंशी नवे पैसे लिहून दिले होते. तिनं शहाऐंशीला सातनं गुणलं, सहाशे दोन आलं, उजवीकडून दोन घरं सोडून टिंब दिलं. सहा रुपये दोन पैसे. भागाकार नाही, बारा नाही, सोळा नाही. पोरगी जिंकली. चावडीवर हशा, शिट्ट्या. ती पोरगी म्हणजे माझी थोरली आत्या. नाना सांगायचे की गुरुजी मुद्दाम हरले. आत्या आजही हे ऐकून घेत नाही. 'मुद्दाम? घाम फुटला होता त्यांना. मी स्वतः बघितलाय.'

मुद्दाम असो नसो, त्या शर्यतीत एक गोष्ट बरोबर साधली होती. शेतकऱ्याला सांगितलं नाही की दशमान पद्धत शास्त्रीय आहे, जगात चालते. त्याच्यासमोर तोच हिशेब दोन रीतींनी केला आणि त्याला हसू दिलं, तेही मास्तरांना. आता पत्रक कितीही रंगीत छापलं तरी त्यात हसायला जागा कुठे असते!

याचा पुरावा आमच्याच जिल्ह्यात वर्षभर आधी सरकारी खर्चानं मिळाला होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं पुणे आकाशवाणीनं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा, कारण आमचा जिल्हा तेव्हा त्या नावानं ओळखला जायचा, अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं घेतली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं रेडिओ मंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास शेतीचा आणि गावाच्या प्रश्नांचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. मंडळांचे प्रश्न आणि शंका पुण्याला परत जायच्या आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरं मिळायची. नानांचे मेहुणे शेजारच्या गावच्या मंडळात होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या आठवड्यात पाटलांशिवाय कुणी तोंड उघडलं नाही. उंदरांच्या बंदोबस्तावर कार्यक्रम झाला त्या रात्री मात्र मागं, जोत्याखाली बसणाऱ्यांनीच सभा जिंकली, कारण उंदरांची बिळं त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक?

टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञानं प्रयोगाची पाहणी केली. मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओही नसलेली गावं, अशी तुलना होती. आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहिती भरपूर वाढली होती. नुसता रेडिओ होता तिथं मात्र त्या मानानं फारच थोडी. म्हणजे चावडीवरचा कर्णा दोन्हीकडे तोच, निवेदकाचा गोड आवाज तोच, फरक फक्त रेडिओ बंद केल्यानंतरच्या वादाचा. मला वाटतं, विज्ञानप्रसार, जनजागृती असली नावं लावून काम करणाऱ्या प्रत्येक कचेरीत ही तुलना मोठ्या अक्षरांत लावायला हवी. पैसा सगळा कर्ण्यावर खर्च होतो.

पैशाचा गोंधळ निवळतो न निवळतो तोच वजनं आली. कायदा १९५६ चा, प्रत्यक्ष सुरुवात ऑक्टोबर १९५८ पासून, टप्प्याटप्प्यानं. तसा किलो या देशात येणार होता फार आधी. इंग्रजांनी १८७१ मध्येच कायदा केला होता, त्यात शेर हे नाव ठेवून त्याचं वजन एका किलोइतकं धरलं होतं. तो कागदावरच राहिला. त्यामुळे १९५८ मध्येही मुलुखामुलुखाचा शेर वेगळा होता. नानांचा ऐंशी तोळ्यांचा. किलो त्याहून पावणेसहा तोळ्यांनी जड. छटाक पाच तोळ्यांची. म्हणून नाना गिऱ्हाइकाला सांगायचे, 'किलो म्हणजे शेरावर छटाक, वर चिमूट.' हे वाक्य त्यांनी स्वतःच जुळवलं होतं आणि त्याचा त्यांना अखेरपर्यंत अभिमान होता. ग्रॅम, दशांश, आंतरराष्ट्रीय मानक, यांतलं एक अक्षर न उच्चारता बाईला कळायचं की पदरात थोडं जास्त पडतंय, म्हणून भाव थोडा जास्त आहे.

नवी लोखंडी वजनं षटकोनी होती. आमच्याकडची जुनी गोल. लांबूनही दिसावं की तराजूत काय टाकलंय. वजनमापं निरीक्षक यायचे, वजनाच्या बुडाशी भोकात शिसं असायचं, त्यावर शिक्का मारायचे. नाना एक वजन उलटं करून तो शिक्का गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवायचे.

पण सगळ्यात अवघड गेला तो किलो नव्हे, तराजू. घेवडा, ज्वारी, हरभरा आमच्याकडे मापानं जायचा, वजनानं नाही. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. चार शेरांची पायली. सुगीत खळ्यावर मोजणारा पहिली पायली टाकताना एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा. लाभ, दोन, तीन. माप भरताना वर शीग यायची, दाण्यांचा सुळका, आणि शेवटचे दाणे घरंगळून बाजूला पडायचे ते बलुतेदारांचे, पाखरांचे. आजी कुणाला पायलीभर दाणे द्यायची तर शिगेनं. हात आखडणारी माणसं बोटानं सपाट करायची, आणि गावात तशी दोन-तीन घरं सगळ्यांना माहीत होती. तराजूत हे काही दिसत नाही. काटा मधे आला की झालं. देणारा उदार की कवडीचुंबक, काट्याला फरक पडत नाही. आजी म्हणायची, 'तुमच्या काट्याला मन न्हाई.' नाना उत्तर द्यायचे की मन नाही म्हणूनच तो बरा, व्यापारी घेताना शिगेनं घेतात आणि देताना सपाट देतात. दोघांचंही बरोबर होतं आणि हे भांडण आमच्या घरात वीस वर्षं चाललं. नाना बाजारसमितीच्या काट्यावर खूश होते. आजीनं शेवटपर्यंत घरातल्या कणगीतून काढताना मापटंच वापरलं.

किलो आज कुणाला परका वाटत नाही. भाजीवाली पावशेर म्हणते आणि अडीचशे ग्रॅम देते, त्यात तिला किंवा आपल्याला काही विसंगत दिसत नाही. चार आणे, आठ आणे, बारा आणे ही नावं तर नव्या पैशाला बरोबर बसली, पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, त्यामुळे ती राहिली. १९६४ मध्ये नया पैशातला नया गळून पडला. पण चार आणे २०११ पर्यंत, पंचवीस पैशांचं नाणं चलनातून जाईपर्यंत, लोकांच्या तोंडी होते. तीन आणे, सात आणे, अकरा आणे मात्र पहिल्या पाच-सात वर्षांतच मेले, त्यांना नव्या रुपयात घर सापडलं नाही. लुगडं नऊवारीच राहिलं, जरी दुकानदार फाडताना मीटरची पट्टी लावतो. सोन्याचा तोळा तर वेषांतर करून राहिला. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर होता, आताचा सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो. आजीच्या पाटल्या चार तोळ्यांच्या म्हणून घरात प्रसिद्ध होत्या. वाटणीच्या वेळी वजन केलं तर आजच्या हिशेबानं साडेचाराच्या वर भरल्या. दोघी सुनांची तोंडं अशी उजळली की जणू आजीनं वरून बक्षीस पाठवलंय.

सरकारी यंत्रणेला मी सगळं श्रेय नाकारत नाही. खुद्द इंग्लंडनं आपला पौंड दशमान केला तो १९७१ मध्ये, आपल्यानंतर चौदा वर्षांनी, आणि त्यांच्याकडे शाळेत न गेलेला माणूस शोधावा लागला असता. आपण ते केलं तेव्हा देशात लिहितावाचता येणारी माणसं फार कमी होती. आणि तरी झालं. कोष्टकं छापली गेली, तंबूतल्या सिनेमात आधी माहितीपट दाखवले गेले, शाळांची क्रमिक पुस्तकं बदलली, निरीक्षक खेडोपाडी हिंडले. पण त्या कोष्टकातला पाव पैसा कुणाच्या खिशातून जातो हे पायरीवर बसलेल्या म्हातारीनं सांगितलं आणि बेरीज आधी करायची हे नानांनी ठरवलं. या दोघांना कुणी पगार देत नव्हतं.

जमिनीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात, गावात बोलतात एकर-गुंठ्यात. चाळीस गुंठ्यांचा एकर. आर म्हणजे शंभर चौरस मीटर आणि गुंठा एकशे एकच्या थोडा वर, म्हणजे जवळजवळ सारखेच, त्यामुळे कुणी फार डोकं चालवत नाही, आर वाचायचं आणि गुंठा म्हणायचं. अलीकडे चुलतभावानं ओढ्याकाठचा तुकडा घ्यायचं ठरवलं. उताऱ्यावर शून्य हेक्टर बत्तीस आर. भाव गुंठ्याचा. मध्यस्थ म्हणाला, 'बत्तीस गुंठे धरा, सोपं पडतं.' आत्या बैठकीत सुपारी कातरत होती. वय अठ्ठ्याहत्तर. तिनं विचारलं, 'मोजणी आरात आणि भाव गुंठ्यात, व्हय रं? बत्तीसशे मीटरचे गुंठे किती, काढ की.' मध्यस्थानं मोबाइल काढला. एकतीस पूर्णांक सहा दशांश आले. 'मग राहिलेलं चारशे फूट कुणाच्या रानातलं? एक खोली होती त्यात.' तो म्हणाला, आत्याबाई, एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय. ती म्हणाली, होतंय. पाऊण तास घासाघीस झाली, दोनदा चहा झाला, आणि व्यवहार साडेएकतीस गुंठ्यांवर ठरला.